विहीर झालेली ईश्वरी

प्रिय अहो,

नाटक झालं! पहिलं हेच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागायचा. परवा नगरला स्पर्धेत झालं, ईश्वरीसकट झालं, आणि त्यात जे घडलं ते मी अजून कुणाला धड सांगू शकलेले नाही. सांगायला गेले की आवाजच बसतो. माझा! शाळेच्या व्हरांड्यात बोलले तर एसटी स्टँडवर ऐकू जातं असं तुम्हीच म्हणायचात ना?

लिहायचं कारण साधं आहे. इतकी वर्षं आपली वाटणी ठरलेली. तुम्ही विंगेत, मी पहिल्या रांगेत. घरी आलं की चपलासुद्धा न काढता तुम्ही विचारायचात, "हं, समोरून कसं दिसलं?" मग मी सांगायचे आणि तुम्ही भांडायचात. या वेळी विंगेत मी होते. तिथून जे दिसलं आणि ऐकू आलं, ते समोर बसलेल्यांना कळलंसुद्धा नाही. ते तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला? ऐका आता, आणि मध्ये बोलू नका.

आधी थोडं भांडून घेते. छातीत दुखत होतं तर सांगायला काय झालं होतं? "पित्त आहे गं, ओवा दे." आठवडाभर ओवा खाल्लात! त्या संध्याकाळी तालमीहून आलात, खुर्चीत बसलात, चहा टाक म्हणालात, आणि चहा उकळेपर्यंतसुद्धा थांबला नाहीत. बरं, गेलात ते गेलात, विहिरीचं नाटक माझ्या गळ्यात टाकून गेलात. मी गणिताची बाई. मला डावी विंग कुठली आणि उजवी कुठली तेही विचारावं लागतं.

हेडसर म्हणाले, "यंदा राहू द्या नाटक. मुलांनाही धक्का बसलाय." मीही मान डोलावली. मला तेच हवं होतं. पण तुमची पोरं ऐकतील तर शपथ! संध्याकाळी सगळी वरात आपल्या ओट्यासमोर हजर. पुढे समीर त्याच्या चाकाच्या खुर्चीत, मागून खुर्ची ढकलणारा ओम. समीर काय म्हणाला असेल? "बाई, सरपंच अजून जिवंत आहे. गाव कशाला बंद करताय?"

तुमचीच शिकवण. आठवतं ना, समीरला सरपंच केलंत तेव्हा एका पालकांनी विचारलं होतं, खुर्चीतला मुलगा सरपंच कसा दिसेल? तुम्ही म्हणालात, "अहो, सरपंच उठतो कधी? बाकीचेच त्याच्याकडे येतात." त्या दिवसापासून समीरची मानच ताठ झाली. वर्गातसुद्धा आता तो हाक मारून बोलावतो, आणि पोरं जातात!

पण खरी गोष्ट ईश्वरीची. ती वर्गात आली तेव्हा मी वैतागले होते, हे तुम्हाला काय नव्यानं सांगायचं? सातवीतली पोर. तुम्ही जे बोलाल तेच परत बोलणार, तेही तुमच्याच सुरात. मी म्हणाले, "सतरा पाचे किती?" तर तीही म्हणाली, "सतरा पाचे किती?" हुबेहूब माझा आवाज, माझा वैताग, शेवटी माझा तो उसासासुद्धा! वर्ग खो खो हसला. कधी कधी जुनंही काहीतरी बाहेर काढायची. प्रार्थना चालू असताना एकदम रिक्षावाल्याच्या आवाजात, "श्रीरामपूर, श्रीरामपूर, बसा मागं!" मी घरी येऊन कपाळाला हात लावला. आणि तुम्ही? तुम्ही ताटावरून उठून उभे राहिलात! "अगं, विहीर मिळाली!"

मला वाटलं, आता यांचं डोकं फिरलं.

तुमच्या मनात ते नाटक कधीपासून होतं म्हणे. गावातली एक विहीर, तिच्यात जो जे बोलेल तेच ती परत देते. सरपंच येऊन भाषणाची तयारी करतो, दुकानदार येऊन मापाबद्दल शपथ घेतो, सासू येऊन सुनेचं कौतुक घोकते. विहीर एक अक्षर स्वतःचं बोलत नाही, पण ज्याचं त्याला ऐकवते आणि खोटं उघडं पडतं. तुम्हाला फक्त तसा आवाज देणारं कुणी मिळत नव्हतं. आणि ती पोर समोर बसलेली, जिला सगळे गप्प करत होते!

कुणीतरी सुचवलं की तिला झाड करा, उभी राहील कोपऱ्यात, तिचंही मन राहील. किती चिडला होतात! "असल्या मुलांना दरवर्षी झाड करायचं, फोटो काढायचा, आणि सामावून घेतलं म्हणून पेढे वाटायचे. मला नको झाड." मग पुठ्ठ्याची विहीर आली, तीही तुम्ही मोडून टाकलीत. "लपवायचंय होय तिला?" शेवटी पोरांनीच गोल करून एकमेकांचे हात धरले, तोच विहिरीचा कठडा, आणि मधोमध ईश्वरी. सगळ्यांना दिसेल अशी.

नेमकी ती दिसणार, याचीच तिच्या आईला धास्ती होती. तुम्ही गेल्यावर लताताई शेतातून तशीच आपल्याकडे आली, हातापायाला माती. म्हणाली, "सर हुते तवर माजा जीव निर्धास्त हुता बाई. आता न्हाई. तुमाला ठावं न्हाई लोकं कशी हसत्यात ते." मला ठाऊक होतं. गणपतीत टवाळ पोरांनी माईकवर ईश्वरीकडून घाण घाण शब्द वदवून घेतले होते, आणि अख्खा मंडप हसला होता. ती पोरही हसली होती, सगळे हसतात म्हणून. लताताई तिला ओढत घरी घेऊन गेली आणि दोघी दोन दिवस जेवल्या नव्हत्या.

मी म्हटलं, मी आहे ना. केवढी हिंमत बघा माझी! ती ओट्यावर टेकली. मग म्हणाली, "बगा बाई, येकच सांगते. तिच्यावर कोनी येक जरी हसलं तर तिथनंच उठवून न्हेईन. आन् मग शाळंत बी धाडनार न्हाई. बसंल घरी माज्यापाशी." नुसतं बोलायचं म्हणून बोलणारी बाई नाही ती. एका नाटकावर त्या पोरीची शाळा टांगली गेली, अहो! आणि हाती कोण? मी.

तालमीला लागले तर पहिल्याच दिवशी फजिती. मला वाटलं, ईश्वरीला नीट शिकवावं. फक्त शेवटचे शब्द म्हणायचे, बाकीचे नाहीत. मी म्हटलं, "असं नाही, पुन्हा म्हण." ती म्हणाली, "असं नाही, पुन्हा म्हण." मी म्हटलं, "अगं, मी सांगते ते नाही, ओम म्हणतो ते." तिनं तेही परत दिलं. शेवटी मी खेकसले, "ईश्वरी!" आणि तिनं दोन्ही कान दाबून माझंच खेकसणं माझ्या तोंडावर मारलं. देवा! एवढी खेकसते मी? कधी सांगितलं नाहीत!

ती दोन दिवस मुकी झाली. काही केल्या बोलेना. लताताईला काय सांगायचं याची मी तयारी करू लागले. तेव्हा ओम जवळ आला, तोच, जो वर्गात प्रश्न विचारला की पायाची बोटं मोजत बसतो. खाली बघत म्हणाला, "बाई, सर तिला काहीच शिकवत नव्हते. आम्हालाच शिकवायचे."

"म्हणजे?"

"सर म्हणायचे, तुम्ही खरं बोला, विहीर खरंच देईल. तुम्ही घोकलेलं बोललात तर ती घोकलेलं देईल. ती चुकत नसतेच बाई, आमचंच चुकलेलं असतं."

अशा मुलांना वर्गात कसं सामावून घ्यायचं यावर मोठमोठ्या प्रशिक्षणांना बसलेय मी, चहा-बिस्किटं खाल्लीयेत. हे कुणी सांगितलं नव्हतं, की त्या एका मुलीला बदलायचं नाही, बाकीच्यांनी आपलं बोलणं सुधारायचं! मग मी ईश्वरीचा नाद सोडला आणि बाकीच्यांच्या मागे लागले. समीरनं भाषण मनापासून ठोकलं आणि विहीर बोलू लागली. माझाही आवाज खाली आला. घरात बोलायला कुणी नाही म्हणून खाली आला की काय, कोण जाणे.

परवा सकाळी आम्ही निघालो. बसच्या पाटीवर अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडी अजून नगरच. ईश्वरीनं कंडक्टरचंच ऐकलं आणि राहुरी येईपर्यंत "नगर, नगर" चालू ठेवलं. लताताई तिच्या शेजारी, पदर घट्ट धरून, परीक्षेला निघाल्यासारखी.

हॉलवर पोचलो तर नारळाचा घोळ. पडद्यामागे पूजेला नारळ ठेवलेला. दरवर्षी तुम्ही फोडायचात. मी पुढे झाले तसा तिथला एक माणूस चाचरत म्हणाला, "ताई, तुम्ही कशाला? त्या हेडसरांना बोलवा की." मला कळलं हो. कपाळाकडे बघूनच बोलला. मी मागे सरकणार, तेवढ्यात समीरनं खुर्ची मध्ये आणली. फेटा बांधलेला, मिशी लावलेली. "सरपंचाचा हुकूम आहे. बाईच फोडणार." तो माणूस हसला आणि बाजूला झाला. मी फोडला. वेडावाकडा फुटला, पण फुटला.

पडदा उघडला. समोर चार-पाच शाळांची पोरं, शिट्ट्या, आरडाओरडा. कठडा करून मुलं बसली, मधोमध ईश्वरी. ती पुढे-मागे झुलू लागली, तिची ती सवय. मागून कुणीतरी फिसकन हसलं. लताताई तिसऱ्या रांगेत होती. मला विंगेतून तिचा चेहरा दिसला. ती अर्धी उठली होती.

मी मनात म्हटलं, बस गं बाई, बस.

समीर आला. "गावकऱ्यांनो, पाणी येणार म्हणजे येणारच!" आणि ईश्वरीनं परत दिलं, "पाणी येणार म्हणजे येणारच!" तोच आवेश, तीच पोकळ ऐट. आणि अख्खा हॉल फुटला! एवढा हशा! लताताई पुरती उभी राहिली होती. पण गेली नाही. इकडे तिकडे बघत उभी राहिली आणि हळूहळू खाली बसली. हसणं कुणावर आहे हे आईला बरोबर कळतं. ते हसणं सरपंचावर होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या लेकीच्या तोंडून शब्द निघाला आणि लोक दुसऱ्यावर हसले.

मग काय विचारता! दुकानदार आला, सासू आली. प्रत्येकाचं माप त्याच्या पदरात. पोरं टाळ्यांवर टाळ्या देत होती. मला वाटलं, सुटलो. पार पडलं.

आणि शेवटच्या प्रवेशात ओम अडकला.

गुराख्याचं पोर, म्हणजे ओम, विहिरीपाशी येतं, ज्याच्याशी गावात कुणी बोलत नाही. तो विचारतो, "विहिरी, तू दिवसभर सगळ्यांचं ऐकतेस. तुझं कोण ऐकतं?" विहीर परत देते, "तुझं कोण ऐकतं?" आणि पडदा. एवढंच वाक्य. तुम्ही त्या शेवटच्या संध्याकाळी त्याच्याकडून हेच वाक्य घोटून घेत होतात. ते त्याच्या तोंडून नीट निघालं, तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारलीत, घरी आलात, आणि गेलात. ओमनं हे कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण परवा त्याचे ओठ नुसते हलले. डोळे भरले. शब्द येईना.

प्रॉम्प्टर ठेवायचा नाही, हा तुमचा नियम. "अडला तर गप्प उभा राहू दे. गप्प उभं राहणं हीपण ॲक्टिंगच आहे." बोलायला सोपं हो! विंगेत उभं राहून बघा. मला वाक्य पाठ, पण सांगायची बंदी. हॉल शांत झाला. मग कुजबुज सुरू झाली. कुणीतरी खाकरलं. आता हसतील, आता हसतील, आणि लताताई पोरीला उठवून नेईल.

तेव्हा विहीर बोलली.

आधी घसा साफ केल्याचा आवाज आला. तुमचा. अहो, तुमचा! ते सुपारी अडकल्यासारखं "अं-हं". आणि मग सावकाश, लांबवत, "घाई नाही बाळा. पाणी खोल आहे. आधी वाकून बघ. मग विचार."

तालमीत ओम तिथे अडला की तुम्ही हेच म्हणायचात. दर वेळी. कुणीही तिला म्हण म्हटलं नव्हतं. कुणाच्या मागून म्हणावं असं समोर कुणी काही बोललंही नव्हतं. आजवर ती दुसऱ्याच्या नंतर बोलायची. परवा ती आधी बोलली.

माझ्या अंगावर काटा आला तो आता लिहितानाही तसाच आहे. कठड्याच्या पोरांनी एकमेकांचे हात इतके घट्ट धरले की बोटं पांढरी पडली. समीरनं फेटा काढून मांडीवर ठेवला. मी विंगेचा पडदा मुठीत धरला आणि उभी राहिले. लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. विहीर पहिल्यांदा स्वतःचं बोलली असं वाटलं त्यांना. ओमनं डोळे पुसले, खरोखर वाकला, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं. असं विचारलं, असं विचारलं! तुम्ही ऐकायला हवं होतं. तिनं परत दिलं ते ओमच्या आवाजात, रडवेल्या, आणि पडदा पडला.

टाळ्यांचं काय सांगू? उभं राहून वाजवत होते सगळे. त्या टाळ्यांना ती घाबरली आणि कान दाबून बसली, तर पोरांनी तिच्याभोवतीचा गोल मोडलाच नाही. टाळ्या थांबेपर्यंत तसेच बसून राहिले. हे त्यांना मी शिकवलेलं नाही. तुम्हीही नसेल शिकवलेलं.

नंबर? नंबर आला नाही! वेळ जास्त झाला म्हणून गुण कापले. एक परीक्षक मात्र मागे आले आणि म्हणाले, "तो वयस्कर माणसाचा आवाज फार सुंदर रेकॉर्ड केलाय हो." मी नुसती मान हलवली.

लताताई आली, तिनं माझा हात धरला. मग म्हणाली, "सर बोलले ना बाई?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "लई वंगाळ वाटत हुतं मला, ही सगळ्यांचं बोलनं साठवती म्हनून. मला काय ठावं, ही मानसं बी साठवून ठेवती!" आणि डोळे पुसून, "सोमवारी धाडते शाळंत. डबा दोन पोळ्यांचा देऊ का तीन?" एवढंच विचारलं.

येताना बसमध्ये पोरांनी ईश्वरीला घेरलं. "ईशू, सरांचा आवाज काढ ना! एकदाच!" मी त्यांना ओरडायला हवं होतं. नाही ओरडले. खरं सांगते, माझ्याही जिभेवर तेच आलं होतं. सुट्टीच्या दिवशी तालमी आपल्या ओट्यावर व्हायच्या. ती पोर तिथेच बसलेली असायची, आणि तुम्ही आत तोंड करून मला हाक मारायचात, "शैला, चहा टाकतेस का गं?" ते तिनं ऐकलं असणारच. म्हणजे माझं नावही असेल तिच्याजवळ, तुमच्या आवाजातलं. हाताच्या अंतरावर बसली होती. फक्त मागायचा अवकाश. कितीदा तोंड उघडलं आणि मिटलं, माझं मला माहीत.

राहुरी मागे पडली होती, दिवस मावळत होता, उसाच्या ट्रॉल्यांमागे बस रखडत होती. पोरं हट्ट करत होती. ईश्वरीनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "खिडकी लाव."

कुणाचाच आवाज नव्हता तो. ना तुमचा, ना माझा, ना कंडक्टरचा. बारीक, जरासा घोगरा. बसमध्ये कुणी ते वाक्य बोललेलं नव्हतं. तिला गार वाटत होतं, म्हणून ती बोलली.

मी खिडकी लावली. लताताई म्हणाली, "घरी म्हनती असं कवा कवा. भूक लागली, गार लागलं की. पन भायेर लोकांत आजच." वर्षभर ती माझ्या वर्गात आहे अहो, आणि तिचा स्वतःचा आवाज मी परवा पहिल्यांदा ऐकला! तुमच्या आवाजानं अंगावर काटा आला होता. या आवाजानं मी गारच पडले. पोरांना म्हटलं, "गप बसा रे. तिला नकोय."

तर अहो, वचन देते. तिच्याकडे तुमचा आवाज मी कधी मागणार नाही. आपणहून आला तर ऐकेन, पदर तोंडात धरून ऐकेन, पण मागणार नाही. ओट्यावर दोघीच बसलो असलो, घर खायला उठलं असलं, तरी नाही. लेकरू आहे ते, माझ्यासाठी भरून ठेवलेली टेप नव्हे. पुढच्या वर्षी नाटक करणार आहे. हो, मीच! तिला आधी विचारीन, तुला काय व्हायचंय. ती "तुला काय व्हायचंय" असंच परत देईल, मी पुन्हा विचारीन, पुन्हा देईल. देऊ दे. तिचं उत्तर तिच्या आवाजात येईपर्यंत मी समोर बसून राहीन.

तुमचीच,
शैला